केसभर मोठा आवाज

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, मी त्यांच्याच घरात, त्यांच्याच मित्रांसमोर तोंडघशी पाडलं. रागाच्या भरात नाही, ठरवून. त्यासाठी महिनाभर तयारी केली, कामाची वेळ संपल्यावर बसून हात भाजून घेतले. नात्यातल्या काहींना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे आणि ते ती हसत हसत सांगतात. पूर्ण गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

गिरण्यांचा संप विस्कटून एक-दोन वर्षं झाली होती. बाबा साचेखात्यात होते, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर त्यांच्या कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. शेजारी बसून बोललं तरी दोनदा सांगावं लागायचं. संपानंतर ते कांजूरमार्गच्या आमच्या दोन खोल्यांत बसून असायचे. घर माझ्या पगारावर चालायचं. मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होते. आधी दोन वर्षं डाक देण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, टेबलावर, मग तपासणीच्या. आम्ही सगळ्या मुलीच होतो. मालकांचं म्हणणं, मुलींचे हात बारीक कामाला बरे आणि मुली युनियन करत नाहीत.

ताईचं लग्न मुलुंडला झालं होतं. ती आणि भावोजी एकाच ऑफिसात होते, तिथेच जमलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या, स्वतःचा मोठा फ्लॅट. आमच्याकडे यायचं झालं तर भावोजी चाळीच्या तोंडाशी रुमाल काढायचे. कांजूरचा वारा खाडीकडून यायचा आणि त्याला वास असायचा हे खरं, पण रुमाल काढायची त्यांची पद्धत अशी होती, की वास आमच्याच घरातून येतोय असं वाटावं. तरी तोवर मला त्यांचा राग नव्हता. थोडं हसूच यायचं.

भावोजींना गाण्याचं वेड होतं. त्यांचा एक मित्र बोटीवर होता. त्याच्याकडून त्यांनी एकेक भाग करत परदेशी सेट आणवला. तबकडीचा प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर. किती पडला हे ते आपणहून सांगायचे आणि ऐकणाऱ्याचा चेहरा बघायचे. त्या पैशांत कांजूरला आणखी एक खोली आली असती. दर रविवारी सकाळी त्यांचे तीन मित्र यायचे: कोपऱ्यावर दवाखाना असलेले एक डॉक्टर, एक प्राध्यापक आणि त्यांच्याच ऑफिसातले एक साहेब. खिडक्या बंद, पंखा बंद, ताईने बाहेर पाय न वाजवता फिरायचं. चहा दोन तबकड्यांच्या मधल्या वेळात.

मी काय काम करते हे भावोजींना ठाऊक होतं. ते मला मित्रांसमोर ‘आमची वायरमन मेहुणी’ म्हणायचे. एकदा मी सेटच्या मागची जाळी बघायला वाकले तर म्हणाले, “हात नको लावूस हां. हे तुमच्या मरोळचं भांडं नाही.”

तेही मी सोडून दिलं होतं.

एका रविवारी मी आणि बाबा मुलुंडला गेलो. गावाहून कोकमं आली होती, ती ताईला द्यायची होती. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची बैठक चालू होती. आम्ही दाराशी चपला काढून आत सतरंजीच्या कडेला बसलो. एका बाईचं गाणं लागलं होतं, विलंबित, सकाळचा राग. बाबांना गाण्याची जाण होती. गिरणीच्या दिवसांत ते भजनी मंडळात मृदंग वाजवायचे आणि तालासाठी आसपासच्या वस्त्यांतून त्यांना बोलावणं यायचं. पण आता त्यांना त्या खोलीत बसून फार काही ऐकू येत नसावं. थोडा वेळ ते गाणाऱ्या पेटीकडे नुसते बघत राहिले. मग सरकत सरकत स्पीकरजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या लाकडी बाजूवर तळहात टेकवला. डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा दुसरा हात मांडीवर ठेका धरू लागला. बरोबर समेवर यायचा.

भावोजी उठले. त्यांनी बाबांचं मनगट दोन बोटांत धरलं आणि हात उचलून बाजूला ठेवला. जसं टेबलावरचं एखादं भांडं उचलून ठेवावं तसं. मग खिशातून पिवळं फडकं काढून हात टेकला होता ती जागा पुसली. आणि मित्रांकडे वळून हसत म्हणाले, “सासरे साचेखात्यात होते. त्यांना खडखडाट काय आणि आलाप काय, सारखंच.”

तिघेही हसले. बाबांना शब्द ऐकू आले नाहीत. सगळे हसतायत एवढंच त्यांना दिसलं. मग काहीतरी मजेचं बोलणं झालं असेल असं समजून तेही हसले.

मी बाबांचा तो हसरा चेहरा बघितला. त्या क्षणापासून मला भावोजींचं वाईट व्हायला हवं होतं. दुसरा शब्द मी वापरणार नाही. त्यांनी माफी मागावी, त्यांना समजावं, असलं काही मला नको होतं. लोकांनी त्यांना हसावं आणि ते आपल्याला का हसतायत हे त्यांना नीट कळावं, एवढंच हवं होतं.

चहाच्या वेळी मी अगदी साधेपणाने विचारलं, “भावोजी, आमच्या कारखान्यातला अ‍ॅम्प्लिफायर आणि तुमचा, दोन्ही झाकून ठेवले, तर नुसतं ऐकून ओळखता येईल?”

“झोपेत ओळखीन,” ते म्हणाले.

“खरंच?”

“अगं, तू म्हणजे पाण्याची आणि दुधाची तुलना करतेयस.”

डॉक्टरांना गंमत वाटली. “होऊन जाऊ दे की,” ते म्हणाले. “महिन्याने बघू. मी पंच.”

भावोजींना नाही म्हणायला जागा राहिली नाही. आणि म्हणायचंही नव्हतं. जिंकणारच अशी त्यांची खात्री होती.

आमचे फोरमन वयस्क होते, आधी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची परवानगी घेऊन मी कामाची वेळ संपल्यावर थांबायला लागले. टाकून दिलेल्या मालातून सुटे भाग निवडले, एकेक मोजून घेतला. डबा साध्या अ‍ॅल्युमिनियमचा, न रंगवलेला, बघितला तर कुणाला शेवयांचा डबा वाटावा. पण आत मी जीव ओतला. तो चांगला झाला होता. हे मी गर्वाने सांगते. फोरमननी तो लावून ऐकला, दोनदा मान हलवली आणि विचारलं, “कुणासाठी?”

“बहिणीकडे न्यायचाय. त्यांच्या परदेशी सेटशी लावून बघायचाय.”

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाले, “आधी दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा कर. नाहीतर त्याला काही अर्थ नाही. माणसाचा कान लबाड असतो पोरी. एकाचा आवाज केसभर मोठा असला, तर तो मोठा आहे हे कळतच नाही. तो नुसता छान वाटतो. जास्त स्वच्छ, जास्त गोड. दुकानदार याच्यावरच धंदा करतात.”

त्यांनी हे मला सावध करायला सांगितलं होतं. मी ते दुसऱ्याच कामासाठी लक्षात ठेवलं.

ठरल्या रविवारी मी डबा पिशवीत घालून एकटीच मुलुंडला गेले. बाबांना मुद्दाम नेलं नाही. बरोबर एका फळीवर बसवलेला खटका होता. तो फिरवला की प्लेअर आणि स्पीकर एका अ‍ॅम्प्लिफायरवरून दुसऱ्यावर जायचे. डब्याकडे बघून प्राध्यापक म्हणाले, “यात चकल्या आहेत का?” भावोजी खूप हसले. ताईसुद्धा हसली. ताईने मला आत बोलावून विचारलं, “कशाला गं हे खूळ? उगाच हसं करून घेशील.”

“बघू ना,” मी म्हटलं.

कारखान्यातली तपासणीची तबकडी आणली होती, जिच्यावर एकच सूर सरळ वाजत राहतो. ती लावून मी मीटरने दोन्हींचा आवाज सारखा केला आणि डॉक्टरांना काटा दाखवला. “बघा, दोन्हीकडे इथेच.” त्यांनी चष्मा वर करून बघितलं, पटलं. मग मी दोन्ही यंत्रांवर ताईची चादर घातली, आणि चादर नीट करताना तिच्याखाली हात घालून माझ्या डब्याचं बटण जरासं पुढे सरकवलं. अगदी जरासं. कुणाला दिसलं नाही.

प्रयोग साधा होता. त्याच बाईच्या गाण्याचा तोच तुकडा मी दोनदा वाजवायची, ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ म्हणून. परदेशी कोणता ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं. असं दहा वेळा, दर वेळी क्रम माझ्या मर्जीने. क्रम मी माझ्या कागदावर टिपत होते. सगळे डोळे मिटून बसले होते. भावोजींनी तर मान मागे टाकली होती. चौथ्या खेपेला ते पुटपुटले, “काय विचारता, केवढा उघड फरक आहे.” इतरांनी माना डोलावल्या.

फरक होता. तो मलाही ऐकू येत होता आणि मी तो नीट सांगू शकते. माझ्या डब्यातून बाईचा आवाज पुढे यायचा, उजळ वाटायचा. पण मागचा तंबोरा म्हणजे एक गुणगुण होती, एकजीव, माशीसारखी. भावोजींच्या सेटवर त्या तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या होत्या. एक छेडली जातेय, ती विझायच्या आत दुसरी, आणि खर्ज जमिनीतून आल्यासारखा. बाई श्वास घ्यायची तेव्हा ती कुठे बसलीय हे कळायचं. मी रोज आठ तास यंत्रं ऐकायची, तरी असं काही त्याआधी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या खेपेलाच मला कळलं होतं, की त्या सेटमध्ये खरंच काहीतरी आहे. त्याला घातलेले पैसे अगदीच वाया गेलेले नाहीत. आणि हे त्या खोलीत फक्त मला, टाकाऊ मालातून डबा बनवणारीला, ऐकू येतंय.

मी खटका फिरवत राहिले.

डॉक्टरांनी सगळे कागद गोळा केले, माझ्या कागदाशी ताडून बघायला लागले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. प्राध्यापकांनी दहापैकी आठ वेळा माझ्या डब्याला परदेशी म्हटलं होतं. साहेबांनी आठ वेळा. डॉक्टरांनी स्वतः सात वेळा.

“आणि माझं?” भावोजींनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “तुझं जाऊ दे.”

“सांग ना.”

“दहाच्या दहा. सगळ्या वेळी तू डब्यालाच आपला सेट म्हटलंयस.”

मी चादर काढली. आधी साहेब हसले, मग प्राध्यापक. प्राध्यापक म्हणाले, “अरे, म्हणजे एवढी वर्षं आम्ही तुझ्याकडे येऊन चकल्यांचा डबाच ऐकायला हवा होता.” डॉक्टर चांगले होते, त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांचेही खांदे हलत होते. भावोजी हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

मग मी ते वाक्य म्हटलं. महिनाभर बसमध्ये येता-जाता घोटलेलं. “भावोजी, साचेखात्यात तुम्हीही होतात का?”

मित्रांना ते कळलं की नाही माहीत नाही. भावोजींना कळलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं पहिल्यांदाच बघतायत. मला इतकं बरं वाटलं, की मी पिशवीत वायरी भरताना मनातल्या मनात गुणगुणत होते.

घरी आल्यावर बटणाचं सोडून बाकी सगळं बाबांना सांगितलं. त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, त्यामुळे चाळीलाही कळलं. शेजारणी दारात येऊन हसल्या, एकीने टाळी दिली. बाबा हसले नाहीत. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, “गाणा खयचा होता?”

“त्याच बाईंचं. तुम्ही हात ठेवला होता ना, तेच.”

त्यांनी बंडलातून एक बिडी काढली. “तंबोरो आयकाक येय होतो?”

“येत होता,” मी म्हटलं. कुठल्या यंत्रावर, ते सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली आणि बिडी पेटवली. त्यांच्यासाठी मी हे केलं असं मला वाटत होतं. पण ते काही खुश दिसले नाहीत, आणि त्याचा मला थोडा रागही आला.

ताईने माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं म्हणणं एकच, मला कारखान्यात फोन करून सांगितलेलं: “तू त्यांचं नाही, माझ्या घराचं हसं केलंस. मला त्यांच्याबरोबर राहायचंय, तुला नाही.” मी म्हटलं, “बाबांचा हात धरून बाजूला केला तेव्हा तू कुठे होतीस?” ती म्हणाली, “चहा करत होते.” आणि फोन ठेवला. मला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. सात महिने गेले.

रविवारच्या बैठका बंद झाल्याचं मला दुसरीकडून कळलं. पहिले काही रविवार मित्र आले, पण चकल्यांचा विषय निघायचाच. मग भावोजींनीच काही ना काही कारण सांगायला सुरुवात केली.

आणि एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वॉचमन सांगत आला, कुणीतरी भेटायला आलंय. गेटबाहेर भावोजी उभे होते. ऑफिसचे कपडे, हातात बॅग. मुलुंडहून मरोळला ते कधी आले नसतील. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. त्यांनी रुमाल काढला नाही. तब्येत उतरली होती.

“एकच विचारायचंय,” ते म्हणाले. “त्या दिवसाचं मी मनात धरलेलं नाही. पण खरं सांग. तुझा कान तयार आहे, हे मला आता कळलंय. त्या दोन्हींत फरक होता का?”

मी चहा पीत राहिले.

“मी रोज लावून बसतो,” ते म्हणाले. “पूर्वी मला ऐकू यायचं. तारा वेगळ्या यायच्या. आता लावलं की वाटतं, हे मला खरंच ऐकू येतंय की मी पैसे घातले म्हणून वाटतंय? मग ऐकूच येत नाही. त्या दिवशी काही चुकलं होतं का? तू काही केलं होतंस का?”

म्हणजे तारा त्यांना ऐकू यायच्या. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होते, की त्यांना फक्त किंमत ऐकू येते. त्या दिवशीही आल्या असतील, पण केसभर मोठ्या आवाजाने त्यांना चकवलं. एक वाक्य बोलले असते तर तो माणूस घरी जाऊन निवांत गाणं ऐकायला बसला असता. भावोजी, तुमचा सेट खरंच चांगला आहे, मीच बटण फिरवलं होतं. एवढंच.

ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं. आणि त्याच वेळी मला दोन बोटांत धरलेलं ते मनगट दिसलं.

“नाही हो, भावोजी,” मी म्हटलं. “काटा डॉक्टरांनी स्वतः बघितला होता. तसा काही फरक नसतो. लोक किंमत ऐकतात.”

त्यांनी मान हलवली. चहाचे पैसे दिले. माझ्यासाठी थांबून, रस्ता ओलांडेपर्यंत माझ्याबरोबर आले, आधी कधी आले नव्हते तसे. “ताईला भेटायला ये कधीतरी,” म्हणाले आणि बसस्टॉपकडे गेले. सुट्टी संपली होती. मी जाऊन टेबलावर बसले आणि त्या दुपारी माझ्यापुढे आलेले सगळे नग पास केले. एकही नीट ऐकला नाही.

अजूनही नात्यात कुणाला महागडं यंत्र घ्यायचं असलं की मला विचारतात, एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का. मी सांगते, आधी आवाज सारखा करून ऐका, आणि तरीही फरक जाणवला तर घ्या. घेतल्यावर मग कुणाला विचारत बसू नका. यापलीकडे बोलायचं मी टाळते.

भावोजी येऊन गेल्यावर दोनेक महिन्यांनी कारखान्यात ताईचाच फोन आला. पहिल्यांदा तिने बाबांची चौकशी केली. मग म्हणाली, “सेट विकला. दहिसरचा एक माणूस आला होता टेम्पो घेऊन. त्याने भाव पाडून मागितला, यांनी वाद पण घातला नाही.”

“मग आता?”

“आता काही नाही. पेपर वाचतात. रेडिओसुद्धा लावत नाहीत.” मग तिने विचारलं, “तुला हेच हवं होतं ना?”

मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते. मला हेच हवं होतं. फक्त ते मिळाल्यावर फोनवर तिच्याशी पुढे काय बोलायचं ते मला सुचेना. मग मी विचारलं, गावाहून पुन्हा कोकमं आलीयत, पाठवू का. ती म्हणाली, “नको पाठवू. तूच घेऊन ये.”